मेड्युलोब्लास्टोमाचे चार उपगट: जनुकांच्या यादीतला फरक खरा कुठला आणि घुसलेला कुठला?

तापीकाठ

राम राम मंडळी. जळगावला एम.एस्सी.चा प्रकल्प चालू आहे. विषय मुलांच्या लहान मेंदूत होणारा मेड्युलोब्लास्टोमा हा कर्करोग. त्याच्या विंट, सॉनिक हेजहॉग, ग्रुप ३ आणि ग्रुप ४ या चार उपगटांत कोणती जनुकं जास्त व्यक्त होतात आणि कोणती कमी, हे शोधायचं आहे.

जिओ या जनुक-मोजणीच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावरून जीएसई३७४१८ हा संच घेतला, ७६ नमुने. त्यात निरोगी मेंदूचे नमुने नाहीत, म्हणून जीएसई५०१६१ मधले १३ नॉर्मल घेऊन त्यात मिसळले. दोन्ही संच ॲफिमेट्रिक्सच्या यू१३३ प्लस २.० चिपवरचे आहेत, त्यामुळे चालेल असं धरलं. सगळ्यांचं एकत्र आरएमए (आकडे एका पातळीवर आणणं), मग लिमा (गटांतला फरक काढणारं, आर या संगणक-भाषेतलं पॅकेज). आता अडचणी अशा:

१) पीसीएच्या (नमुने एकमेकांपासून किती वेगळे हे दाखवणारा आलेख) पहिल्याच अक्षावर नॉर्मल एका टोकाला, ट्यूमर दुसऱ्या टोकाला. निम्म्याहून जास्त जनुकं 'सिग्निफिकंट' येतात.
२) विंट विरुद्ध ग्रुप ४ च्या यादीत एक्सआयएसटी आणि आरपीएस४वाय१ आलेत. ही तर लिंग-गुणसूत्रांवरची जनुकं.
३) ग्रुप ३ च्या यादीत डोळ्याच्या पडद्याची जनुकं भरलीत. ॲनोटेशनची (चिपवरचा कुठला प्रोब कुठल्या जनुकाचा हे सांगणारी) फाइल चुकली का?
४) एका जुन्या लेखात 'ग्रुप सी' मध्ये एमवायसी वाढलेलं दाखवलंय, पण जीएसई१०३२७ मधल्या 'सी' मध्ये तसं काही दिसत नाही.
५) गाइड म्हणतात पाच-सहा जनुकं क्यूपीसीआरवर (एकेका जनुकाचा आरएनए मोजायची चाचणी) तपासून दाखव. पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मिळतील. कोणती जनुकं घेऊ?

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे.

---

वाघूर

भाऊ, बठ्ठं एकदम सोडवायला जाऊ नको. पहिल्या दोन अडचणी आधी घे, बाकीच्या निम्म्या आपोआप सुटतील.

नॉर्मलचं सांगतो. चोपड्याचा कापूस एका काट्यावर मोजला, पारोळ्याचा दुसऱ्या काट्यावर, आणि मग म्हटलं चोपड्याचा माल जड. फरक गावाचा की काट्याचा, हे त्या आकड्यांतून कधीच कळणार नाही. तुझे सगळे ट्यूमर एका प्रयोगशाळेतले आणि सगळे नॉर्मल दुसरीकडचे. चिप एकच असली तरी आरएनए काढायची पद्धत, किटचा लॉट, स्कॅनर, वर्ष सगळं वेगळं. बॅचचा, म्हणजे प्रयोगशाळेमुळे येणारा, फरक काढणारं कॉम्बॅटसुद्धा इथे कामाचं नाही. मॉडेलमध्ये बॅच आणि ट्यूमर-नॉर्मल दोन्ही ठेवलेस तर दोन्ही रकाने तंतोतंत एकच होतात, आर सांगेल की हा गुणांक काढता येत नाही. ट्यूमर-नॉर्मल काढून नुसती बॅच दिलीस तर कॉम्बॅट बॅचसोबत खरा फरकही पुसून टाकेल.

जीएसई५०१६१ मध्ये १३ नॉर्मलबरोबर २२ मेड्युलोब्लास्टोमा आहेतच (शिवाय ४६ एपेंडायमोमा, ३४ ग्लायोब्लास्टोमा, १५ पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा, एकूण १३०). नॉर्मलशी तुलना करायचीच असेल तर त्याच संचाच्या आत कर. पण मला विचारशील तर नॉर्मल काढूनच टाक. तुझा प्रश्न उपगटा-उपगटातल्या फरकाचा आहे. तयार मेंदू म्हणजे प्रौढ न्यूरॉन आणि ग्लिया, ट्यूमर म्हणजे भराभर विभागणाऱ्या कच्च्या पेशी. त्या तुलनेतून पेशीविभाजनाची एमकेआय६७ आणि टॉप२ए वर, तयार मेंदूचं एमबीपी खाली, एवढंच कळतं. हे कुठल्याही वेगानं वाढणाऱ्या मेंदूच्या गाठीत दिसेल.

आता लिंग. ग्रुप ३ मध्ये मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या साधारण दुप्पट, ग्रुप ४ मध्ये तिप्पट, विंटमध्ये जवळपास सारखं. त्यामुळे विंट आणि ग्रुप ४ शेजारी ठेवले की मुली आणि मुलगे यांच्यातला फरकही यादीत शिरतो. डिझाइनमध्ये उपगटासोबत लिंग हा रकाना घाल. मेटाडेटात लिंग दिलेलं नसेल तर एक्सआयएसटी (मुलींत चालू) आडव्या अक्षावर, आरपीएस४वाय१ (वायवरचं, मुलग्यांत चालू) उभ्यावर घेऊन ठिपके काढ, दोन स्वच्छ पुंजके पडतात. नोंद 'मुलगा' आणि ठिपका मुलींच्या पुंजक्यात असेल तर नमुन्यांची अदलाबदल झाली असं समजून तो बाजूला काढ. दोन्ही जनुकं खाली असलेला ठिपका मात्र लगेच फेकू नको. ग्रुप ४ च्या मुलींत ट्यूमरमधून एक एक्स गुणसूत्र बऱ्याचदा गेलेलं असतं. एक्सआयएसटी बनवणारं तेच गेलं असेल तर ठिपका दोन्हीकडे खाली दिसतो. मुलग्याच्या ट्यूमरमधून वाय गेलं तरी तसंच.

हे झालं की कामाचा क्रम असा ठेव. यू१३३ च्या सीईएल फाइलींना (चिपचे कच्चे आकडे) 'ॲफी' पॅकेज चालतं. जीन एसटी मालिकेच्या चिपला 'ऑलिगो' लागतं, तिथे 'ॲफी' वापरशील तर अडशील. ७६ सीईएल फाइलींची नुसती प्रोबची मॅट्रिक्सच पाऊण जीबीच्या पुढे जाते आणि आर तिच्या प्रती करत बसतो, म्हणून वाचणं आणि आरएमए वेगवेगळं न करता 'जस्टआरएमए' एकाच फटक्यात चालव. तयार मॅट्रिक्स उतरवलीस तर आधी कमाल किंमत बघ. १५-१६ च्या आसपास असेल तर आकडे आधीच लॉग२ मध्ये आहेत, हजारांत असेल तर नाहीत. लॉगचा पुन्हा लॉग घेतला की फरक दबतात, पण प्रोग्राम कुरकुर करत नाही. म्हणूनच ही चूक प्रबंध छापून होईपर्यंत कुणाला सापडत नाही.

यू१३३ प्लस २.० वर ५४,६७५ प्रोबसेट (जनुक ओळखणाऱ्या प्रोबचे संच) आहेत, एकेका जनुकाचे चार-पाचसुद्धा. शेवटी 'एक्स_एटी' असलेले दुसऱ्या जनुकांनाही चिकटतात, त्यांच्यावर भरवसा नको. प्रत्येक जनुकाचा सर्वांत जास्त सरासरी संकेत देणारा एकच प्रोबसेट ठेव, आणि ही निवड उपगट न बघता कर. पी-व्हॅल्यू बघून प्रोबसेट निवडणं म्हणजे निकाल बघून पेपर तपासणं.

लिमात चार उपगटांचे चार रकाने, अधिक लिंग. तुलना जोडी-जोडीने काढ. एक उपगट विरुद्ध बाकी तिन्ही असं करायचं असेल तर तिन्हींना सारखं वजन दे, नाहीतर 'बाकी' म्हणजे मुख्यतः ग्रुप ४ होतो. 'ईबेज'नंतर यादी काढून दुपटीच्या खालची जनुकं हाताने गाळण्यापेक्षा 'ट्रीट' वापर आणि फरकाची किमान मर्यादा तिथेच सांग.

पडताळणीसाठी टोरांटोचा जीएसई८५२१७ घे. ७६३ नमुने: विंट ७०, सॉनिक हेजहॉग २२३, ग्रुप ३ चे १४४, ग्रुप ४ चे ३२६. सीईएलच्या वाटेला जाऊ नको, तयार मॅट्रिक्स घे, मेमरीत दीडशे एमबीच्या आसपास बसते. चिप वेगळी आहे म्हणून जुन्या संचात मिसळायची नाही. पहिल्या संचात यादी काढ, मग तीच जनुकं दुसऱ्यात त्याच दिशेला हलतात का ते बघ. एवढ्या नमुन्यांत पी-व्हॅल्यूला अर्थ उरत नाही, जरासा फरकही 'सिग्निफिकंट' येतो. तिथे फरक किती पट आहे तेच बघ.

आणि यादी एक्सेलमध्ये उघडू नको. सेप्ट१ आणि मार्च१ नावाची जनुकं तिथे तारखा होतात. २०२० मध्ये त्यांची अधिकृत नावं बदलून सेप्टिन१, मार्चएफ१ केली, पण जुन्या ॲनोटेशनमध्ये अजून जुनीच बसलेली आहेत.

---

पांझरा

चौथ्या अडचणीत तुझी चूक नाही, नावांचा गोंधळच तसा आहे. चार उपगटांवर २०१० मध्ये बोस्टनच्या बैठकीत एकमत झालं आणि ते २०१२ मध्ये छापून आलं. त्याआधी ज्याने-त्याने आपापली अक्षरं लावली होती.

जीएसई१०३२७ हा २००८ चा, ६२ नमुन्यांचा संच. त्यात ए ते ई असे पाच गट आहेत: ए म्हणजे विंट, बी म्हणजे सॉनिक हेजहॉग, ई म्हणजे ग्रुप ३, आणि सी व डी मिळून आजचा ग्रुप ४. २०११ च्या जीएसई२११४० मध्ये (१०३ नमुने) मात्र सी म्हणजे ग्रुप ३ आणि डी म्हणजे ग्रुप ४. एकाचा सी तो दुसऱ्याचा ई. तू वाचलेल्या लेखातला सी बहुतेक हा दुसरा असणार. एमवायसी तिथे वाढलेलं आणि जीएसई१०३२७ च्या सी मध्ये नाही, हे मग बरोबरच जुळतं.

त्यामुळे जुना संच घेतलास की अक्षर बघून गट ठरवू नको, जनुकांवरून ठरव. डब्ल्यूआयएफ१ आणि डीकेके२ वर असेल तर विंट. एचएचआयपी आणि एटीओएच१ वर असेल तर सॉनिक हेजहॉग. आयएमपीजी२ आणि एनपीआर३ ग्रुप ३ कडे. केसीएनए१ आणि ईओएमईएस ग्रुप ४ कडे. जीएसई३७४१८ मध्येही काही नमुने गटात नीट न बसलेले म्हणून नोंदले आहेत. त्यांना बळेच एका गटात कोंबू नको, गाळ आणि किती गाळले ते लिही.

२००२ च्या आसपासच्या लेखांत 'पीएनईटी' हे नाव भेटेल. ते २०१६ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणातून गेलं. त्या नावाखाली पूर्वी नाना प्रकारच्या गाठी एकत्र टाकलेल्या असत, म्हणून तुलनेला तो गट घेऊच नको.

---

सातपुडा_पायथा

ॲनोटेशन चुकलेलं नाही. ग्रुप ३ मध्ये एनआरएल आणि सीआरएक्स ही प्रकाशग्राही पेशींची जनुकं खरोखरच चालू असतात. आयएमपीजी२ हेही डोळ्याच्या पडद्याचंच. लहान मेंदूतल्या गाठीत ती का चालू होतात हा अभ्यासाचा भाग आहे, तुझ्या कोडचा दोष नाही. उलट ग्रुप ३ च्या यादीत ती आली नसती तर शंका घ्यायला हवी होती.

यादी वाचताना फसायच्या जागा सांगतो.

एमवायसी वर म्हणजे ग्रुप ३, हे समीकरण चुकीचं. विंटमध्येही एमवायसीचा आरएनए भरपूर असतो, जनुकाच्या प्रती न वाढता. प्रती वाढलेल्या असतात त्या ग्रुप ३ च्या काही गाठींत, सगळ्यांत नाही. ओटीएक्स२ तर विंट, ग्रुप ३ आणि ग्रुप ४ तिन्हींत वर असतं, त्यावरून फक्त सॉनिक हेजहॉग वेगळा काढता येतो.

सॉनिक हेजहॉगमध्ये पीटीसीएच१ वर दिसेल आणि डोकं चक्रावेल, कारण या उपगटात बिघडणारं जनुक तेच. बिघडलं तर कमी व्हायला हवं ना? पण पीटीसीएच१ हा त्या मार्गाचा ब्रेकही आहे आणि त्याच मार्गाने चालू होणारं जनुकही. मार्ग मोकाट सुटला की पेशी ब्रेकचा आरएनए जास्त बनवते, फक्त त्यातून तयार होणारा ब्रेक लागत नाही. विंटमध्ये डीकेके१, डीकेके२, डब्ल्यूआयएफ१ वर असतात त्याचं कारण याच जातीचं. तेही ब्रेक, पण सीटीएनएनबी१ मधला बदल त्यांच्या पुढच्या टप्प्यावर असल्यामुळे ते कितीही दाबले तरी गाडी थांबत नाही. आरएनएचं प्रमाण आणि प्रथिनाचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चेच्या प्रकरणात हे नीट मांडलंस तर परीक्षकही खूश होतील.

विंटमध्ये खाली गेलेली जनुकं घेऊन गुणसूत्रांवर मांडून बघ. बरीचशी ६ व्या गुणसूत्रावर सापडतील, कारण विंटच्या बहुतेक गाठींत त्या जोडीतलं एक गुणसूत्र गेलेलं असतं. एकेका जनुकामागे काही खास यंत्रणा आहे असं समजून त्यावर पान भरू नको. प्रत एक, म्हणून आरएनए कमी, इतकंच ते आहे. ग्रुप ३ आणि ४ मध्ये असंच १७ व्या गुणसूत्राचं होतं: १७पी आखूड भुजा जाते, १७क्यू वाढते. पाथवे विश्लेषणाच्या आधी हा तक्ता काढच.

रक्ताची जनुकं, म्हणजे एचबीए आणि एचबीबी, विंटमध्ये वर दिसली तर तो निव्वळ कापताना लागलेल्या रक्ताचा परिणाम समजू नको. विंट गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथे मेंदूचा नेहमीचा रक्त-अडसर राहत नाही. औषध आत पोचायला याची मदत होते, असं उंदरांवरच्या कामातून २०१६ मध्ये दाखवलं गेलं. तरी ही जनुकं ट्यूमर पेशींची नव्हेत. उपगटाची ओळख म्हणून ती वापरायची नाहीत.

आता सरासरीने झाकलं जाणारं एक उदाहरण. जीएफआय१ आणि जीएफआय१बी ही जनुकं ग्रुप ३ च्या, आणि थोड्या ग्रुप ४ च्या, मोजक्याच गाठींत एकदम भडकतात, बाकीत जवळजवळ शून्य. डीएनएचे तुकडे इकडचे तिकडे होऊन दुसऱ्याच जनुकाचा एन्हान्सर (जनुक जोरात चालू करणारा डीएनएचा तुकडा) त्यांच्या शेजारी येतो. हे २०१४ मध्ये कळलं. लिमा सरासरी बघतो, त्यामुळे असं जनुक यादीत खाली राहील किंवा येणारच नाही. ग्रुप ४ मधलं पीआरडीएम६ त्याच जातीचं. म्हणून निवडक जनुकांचे ठिपक्यांचे आलेख काढ, नुसते बॉक्सप्लॉट नको.

ग्रुप ३ आणि ४ यांची सीमा पुसट आहे. काही नमुने दोघांच्या मध्येच बसतात. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणातही हे दोन्ही 'नॉन-विंट/नॉन-एसएचएच' या एकाच प्रकाराखाली आहेत, आणि त्याच्या आत मिथायलेशनवरून (डीएनएवरच्या रासायनिक खुणा) आठ उपप्रकार. तुझ्या पीसीएत हे दोघे थोडे मिसळले तर सारवासारव करू नको.

---

तापीकाठ

लई आभार. नॉर्मल काढले, लिंग घातलं. विंट आणि सॉनिक हेजहॉग आता स्वच्छ सुटे पडले, ३ आणि ४ ची थोडी सरमिसळ आहेच. आता फक्त क्यूपीसीआर. वीसेक ब्लॉक मिळू शकतील.

---

जंक्शन_लॅब

वीस ब्लॉकमध्ये विंट किती असतील याचा अंदाज आधी घे. चारही उपगट मिळून त्यात विंट साधारण दहा टक्के, म्हणजे तुझ्या वाट्याला दोन. दोन नमुन्यांवर पी-व्हॅल्यू काढू नको, नुसते ठिपके दाखव.

आरएनएला हात लावण्याआधी स्वस्तात काम होतं ते इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने. बीटा-कॅटेनिन, वायएपी१, जीएबी१ हे तीन डाग. केंद्रकात बीटा-कॅटेनिन आणि वायएपी१ पॉझिटिव्ह, जीएबी१ निगेटिव्ह, तर विंट. जीएबी१ आणि वायएपी१ दोन्ही पॉझिटिव्ह, बीटा-कॅटेनिन फक्त पेशीद्रवात, तर सॉनिक हेजहॉग. दोन्ही निगेटिव्ह तर उरलेले. ग्रुप ३ आणि ४ वेगळे करायलाच खरं क्यूपीसीआर लागतं.

जनुकं आठ घे: डब्ल्यूआयएफ१, डीकेके२, एचएचआयपी, एटीओएच१, आयएमपीजी२, एनपीआर३, केसीएनए१, ईओएमईएस. तुलनेसाठी २०१२ च्या २२ जनुकांच्या नॅनोस्ट्रिंग (आरएनए मोजायची दुसरी पद्धत) पॅनेलसोबत एसीटीबी, जीएपीडीएच आणि एलडीएचए ही तीन स्थिर जनुकं होती. यातली शेवटची दोन ग्लायकोलिसिसची. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी पडला की दोन्ही एकदम वाढतात. म्हणून एसीटीबीबरोबर टीबीपीसारखं वेगळ्या कामाचं एक घे, दोघांच्या सीटींची (सीटी म्हणजे संकेत दिसू लागतो ते चक्र) सरासरी काढ आणि ती आपल्या जनुकाच्या सीटीतून वजा कर. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या गटाने २०१३ मध्ये पॅराफिन ब्लॉकवर चालणारी अशीच रिअल-टाइम पीसीआर चाचणी मांडली आहे, १२ प्रथिन-जनुकं आणि ९ मायक्रोआरएनएंची. मायक्रोआरएनए मुळातच आखूड असल्याने जुन्या ब्लॉकमध्ये बरे टिकतात. तो लेख आधी वाच, मग प्राइमर मागव.

ब्लॉकमधून आधी एक एच अँड ई (नेहमीच्या रंगाची) स्लाइड काढून पॅथॉलॉजिस्टकडून ट्यूमरचा भाग आखून घे. ७० टक्क्यांहून कमी ट्यूमर असेल तर शेजारचा निरोगी लहान मेंदू आत येतो. जीएबीआरए६ किंवा पीसीपी२ वर दिसलं की समज, सामान्य ग्रॅन्यूल किंवा पुरकिंजे पेशी आल्यात. १० मायक्रॉनचे तीन-चार काप, प्रत्येक ब्लॉकला नवीन ब्लेड, पहिला हवा लागलेला काप टाकून दे. झायलिनने मेण काढ, अल्कोहोलने धू, प्रोटिनेज के, मग ८० अंशांवर १५ मिनिटं, म्हणजे फॉर्मॅलिनचे बंध सुटतात. किटमध्ये वेळ वेगळी दिली असेल तर किटचं ऐक. डीनेझ (डीएनए तोडणारं विकर) विसरू नको, एफएफपीईमध्ये, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या नमुन्यात, डीएनएची घाण हमखास असते. प्रत्येक नमुन्याचा रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेला एक वेल ठेवलास तर ती पकडता येते.

आरआयएन (आरएनए किती शाबूत याचा आकडा) एफएफपीईमध्ये नेहमीच वाईट येतो, त्यावरून नमुना फेकू नको. डीव्ही२०० बघ, म्हणजे २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब तुकडे किती टक्के ते. ३० च्या खाली असेल तर ब्लॉक सोडून दे. सीडीएनएसाठी (आरएनएवरून बनवायची डीएनए प्रत) रँडम हेक्सामर वापर. ऑलिगो-डीटी शेपटीला धरतो, आणि इथे शेपटी तुटून बाजूला पडलेली असते. प्राइमर ६० ते १०० बेसचा तुकडा देणारे, शक्यतो दोन एक्झॉनच्या सांध्यावर. पुस्तकातला १५०-२०० चा तुकडा इथे ३ ते ५ सीटी मागे पडतो आणि वाटतं जनुक बंद आहे. स्टँडर्ड कर्व्हचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६ मध्ये हवा. तिन्ही रेप्लिकेटमध्ये अर्ध्या सीटीपेक्षा जास्त फरक आला तर परत लाव.

सगळीच जनुकं एखाद्या ब्लॉकमध्ये ३५ सीटीच्या पुढे असतील तर तो जीवशास्त्राचा निकाल नाही, ब्लॉकच मेलेला आहे. बहुतेकदा बफर नसलेलं फॉर्मॅलिन किंवा गाठ दोन-तीन दिवस त्यात पडून राहणं हे कारण असतं. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन आणि ६ ते ४८ तास, असं ज्या ब्लॉकच्या नोंदीत दिसेल ते आधी माग.

संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी जुन्या ब्लॉकनाही लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पालकांची संमती वेगळी आणि मुलाचा होकार वेगळा: ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी. जुन्या ब्लॉकसाठी संमतीतून सूट मागता येते, पण ती कमिटीने द्यायची, आपण गृहीत धरायची नाही.

---

तापीकाठ

ब्लॉक इथे कापता येणार नाहीत, मुंबईला न्यावे लागतील. मे महिन्यात. बर्फात नेऊ का?

---

जंक्शन_लॅब

ड्राय आइस नको, फार थंडीने मेणाला तडे जातात. पॅराफिन ५६-६० अंशांना वितळतं. आपल्याकडच्या मेच्या उन्हात बंद उभ्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. थर्माकोलचा डबा, कडेला दोन जेल पॅक, ब्लॉक झिपच्या पिशवीत आणि पॅकला थेट न टेकता. रात्रीच्या गाडीने जा, डबा हातात ठेव, डिकीत नाही. ब्लॉक नंबरांची यादी एक डब्यात, एक तुझ्याजवळ. नावं कुठेच लिहू नको, फक्त कोड.